आजीवन म्हणजे कोणाचे जीवन?

'आजीवन' हा शब्द उच्चारायला हलका, पण निभावायला फार जड आहे. पाठशाळेत मीमांसा शिकताना 'यावज्जीव' या एका शब्दावर दिवसचे दिवस चर्चा चाले. अग्निहोत्र यावज्जीव करावे असे विधान आहे. तेव्हा प्रश्न असा निघतो, की हे 'जिवंत असेपर्यंत' त्या कर्माचे अंग मानायचे, की कर्त्याचा धर्म मानायचा? मीमांसकांचा सिद्धान्त असा, की तो कर्त्याचा धर्म होय. म्हणजे या शब्दाने कोणीतरी मनुष्य बांधला जातो. ज्याने कोणीच बांधले जात नाही, तो 'यावज्जीव' नुसता पोकळ ध्वनी.

ही जुनी चर्चा आज काढण्याचे कारण मोठे नवलाचे आहे. ते कारण म्हणजे विमानाचा प्रवास. अमेरिकेत १९७८ साली कायदा होऊन विमानांची भाडी व मार्ग सरकारी नियंत्रणातून सुटले. कंपन्यांत चढाओढ लागली. गिऱ्हाईक आपल्यालाच धरून राहावे म्हणून अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी योजना काढली: जितके मैल उडाल तितके तुमच्या खाती जमा, आणि त्या जमेवर पुढे फुकट तिकीट. थोड्याच दिवसांत युनायटेडनेही तेच केले. मग खात्याच्या जोडीला श्रेणी आल्या, कुठे चांदीची, कुठे सोन्याची. श्रेणी जितकी वरची, तितकी रांग आखूड, सामानाची मुभा जास्त आणि बसायला जागा ऐसपैस. पण हा मान एका सालापुरता. पुण्य सरले की स्वर्गातून खाली यावे लागते असे शास्त्र सांगते. इथे तर दर साल पाटी कोरी! या धावपळीतून सुटका म्हणून दहा लाख मैलांचा उंबरठा ठेवला आहे. तो ओलांडला की श्रेणी 'आजीवन'.

दहा लाख मैल म्हणजे किती, ते पाहा. पृथ्वीचा घेर सुमारे २५ हजार मैल. तेव्हा झाल्या चाळीस प्रदक्षिणा. मुंबई ते न्यूयॉर्क सुमारे ७,८०० मैल. तेव्हा चौसष्ट वेळा जाणे आणि चौसष्ट वेळा येणे. एका खेपेला पंधरा तास धरले, तर ऐंशी अहोरात्र मनुष्य खुर्चीला पट्ट्याने बांधलेला. विमानतळावरचा खोळंबा यात धरलेलाच नाही.

आता 'हा सारा अहंकाराचा खेळ' असे म्हणून उठून जाणे सोपे आहे. आम्हांस ते न्यायाचे वाटत नाही. पूर्वपक्ष नीट मांडल्यावाचून त्याचे खंडन करू नये. पोटासाठी वीस-वीस वर्षे ज्याने रात्री-अपरात्री विमाने बदलली, मुलांचे वाढदिवस परगावी काढले, त्याला उतारवयात बसायला बरी जागा मिळाली, उड्डाण रद्द झाले असता कोणी आधी त्याची विचारपूस केली, तर दुसऱ्याचे पोट का दुखावे? गुडघे धरलेले असताना लांब रांगेत उभे राहणे काय असते, ते साठी उलटलेल्यांस विचारा. सोय ही सोय आहे. तिला नावे ठेवण्यात काही वैराग्य नाही.

प्रश्न त्याच्या पुढचा आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी आम्हांस विचारले, "बुवा, नऊ लाख बावीस हजार मैल झाले. आता निवृत्त होणार. उरलेल्या मैलांसाठी सुट्टीचे चार दिवस नुसते विमानात घालवले, तर त्यात वाईट काय?" असे करणारे ते एकटेच नव्हेत. केवळ मैल भरावेत म्हणून दूरच्या गावचे तिकीट काढायचे, तिथे उतरायचे, आणि गावाचे तोंड न पाहता त्याच दिवशी परत फिरायचे, असा तिकडे प्रघातच आहे. त्याला 'मायलेज रन' म्हणतात.

या गृहस्थांच्या मातोश्री वाईस असतात. आम्ही त्यांना एवढेच म्हटले, की उरले मैल ७८ हजार. न्यूयॉर्कहून मुंबईच्या जाऊन-येऊन पाच खेपा केल्या तर तेवढेच भरतात. आता या दोन हिशेबांत फरक कोणता? बेरीज तीच, विमान तेच, खुर्चीही तीच. पण एका प्रवासाच्या शेवटी आई आहे आणि दुसऱ्याच्या शेवटी आकडा आहे. प्रवास हे साधन. पोहोचणे हे साध्य. साधनच साध्य होऊन बसले, की मनुष्य हिंडतो पुष्कळ आणि पोहोचत मात्र कुठेच नाही. आणि हे विमानापुरतेच नाही हो! किती वाऱ्या झाल्या हे विठ्ठलापेक्षा शेजाऱ्याला आधी सांगणारे आमच्यातही आहेतच.

बरे, एवढे करून जे मिळते ते तरी आजीवन असते काय? युनायटेड आणि कॉन्टिनेन्टल या कंपन्या २०१० साली एक झाल्या आणि २०१२ पासून श्रेणींची मांडणी नव्याने झाली. दहा लाख मैल आधीच भरलेल्यांची श्रेणी नावाला राहिली, पण पूर्वीच्या काही सवलती गेल्या. एका प्रवाशाने दावा लावला, की मला दिलेले वचन मोडले. २०१४ साली न्यायालयाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला, आणि वरच्या न्यायालयानेही त्याच वर्षी तो कायम केला. नियम बदलण्याचा अधिकार कंपनीने आपल्याकडे राखून ठेवलेला होता. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच असेल. आमचे त्यावर म्हणणे नाही. परंतु मीमांसकाने इथे विचारावे, की या 'आजीवना'ने बांधले गेले कोण? प्रवासी मात्र बांधला गेला. दहा लाख मैल तो त्याच कंपनीला धरून राहिला, कधी स्वस्त तिकीट सोडून, कधी वाकडी वाट करून. कंपनीने आपला दोर हातात मोकळाच ठेवला होता.

शिवाय जीवन कोणाचे, हाही प्रश्न आहेच. पॅन अ‍ॅम ही एके काळची केवढी बलाढ्य कंपनी. ती १९९१ साली संपली. आपल्या मुंबईची जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी शेवटचे उड्डाण करून थांबली. त्यांचे प्रवासी हयात होते. विमानेच राहिली नाहीत. मनुष्याला वाटते आपण नश्वर आणि कंपनी चिरंजीव. प्रत्यक्षात भाडोत्री छत्रीखाली उभे राहून आपण 'आता आयुष्यभर भिजणार नाही' असे म्हणत असतो.

तेव्हा आमचे मत असे. कामासाठी, आप्तांसाठी प्रवास घडला आणि मैल साचले, तर ती श्रेणी खुशाल घ्यावी, वापरावी, देणाऱ्या माणसाशी गोड बोलावे. रांगेत पुढे जाताना मागे लेकुरवाळी बाई दिसली तर तिला आधी जाऊ द्यावे. वरच्या श्रेणीचा त्याहून चांगला उपयोग आम्हांस ठाऊक नाही. पण तिच्यासाठी म्हणून एकही दिवस खर्चू नये. कारण मैलांच्या खात्यात जमा दिसते तेव्हा दुसऱ्या एका खात्यातून दिवस वजा होत असतात, आणि त्या खात्याची शिल्लक कोणी सांगत नाही. तिथले दिवस देऊन 'आजीवन' विकत घेणे म्हणजे धान्य विकून कणगी घेण्यासारखे आहे.

आजीवन हा शब्द ऐकायचा असेल तर तो अशाच्या तोंडून ऐकावा, जो तो उच्चारताना स्वतः बांधला जातो. वाईच्या त्या माउलीने मुलाला जन्म दिला तेव्हा नियम बदलण्याचा अधिकार राखून ठेवला नव्हता.