भिंग आणि मर्यादा

आमच्या एका भाच्यास नुकतीच नोकरी लागली. पहिल्या तीन-चार महिन्यांच्या पगारांतून शिल्लक टाकून त्यानें डिजिटल कॅमेरा घेण्याचें ठरविलें, आणि आम्ही गेलीं पंधरा-वीस वर्षें हा नाद थोडाफार करीत आलों असल्यामुळें सल्ला विचारावयास तो आमच्याकडे आला. प्रश्न साधा होता. कॅमेऱ्याबरोबर एकच भिंग घेण्यापुरते पैसे आहेत. तर ५० मिलिमीटरचें लहानसें घ्यावें, कीं ७० ते ३०० मिलिमीटरचें लांबचें घ्यावें? दुकानदाराचा आग्रह दुसऱ्यासाठीं होता. कारण त्यानें म्हणे रस्त्यापलीकडचा माणूस अगदीं हाताशीं आल्यासारखा दिसतो. अशा प्रश्नाचें उत्तर दोन वाक्यांत देऊन चहा मागविणें हा शहाण्या मामाचा मार्ग होय. परंतु आम्हांस तें त्या दिवशीं साधलें नाहीं. विचार करूं जातां आमच्या ध्यानांत असें आलें कीं, हा प्रश्न दिसतो तितका केवळ यंत्राचा नाहीं. परक्या माणसापासून किती अंतरावर उभें राहावें, आणि त्याच्या नकळत त्याच्या मुखाकडे कितपत पाहावें, हा नीतीचा जुनाच प्रश्न दुकानाच्या कपाटांतून नवें रूप घेऊन आला आहे.

यंत्राविषयीं जें निर्विवाद आहे तें आधीं सांगून टाकूं. कॅमेऱ्याच्या धडासंबंधानें फार लिहिण्याचें कारण नाहीं. १९७५ सालीं कोडॅक कंपनींतील स्टीव्हन सॅसन या इंजिनियरानें पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला, तेव्हां त्याचें वजन साडेतीन किलोंहून अधिक होतें. चित्र उणेंपुरें १०,००० ठिपक्यांचें, आणि तेंही कॅसेटच्या फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत. आज मध्यम प्रतीच्या कॅमेऱ्यांत दोन कोटींहून अधिक ठिपके मिळतात, आणि घरांतील भिंतीवर लावावयाच्या चित्रास त्यांतले निम्मेही पुरतात. तेव्हां ठिपक्यांच्या संख्येवरून कोणीं झोप मोडून घेऊं नये. धड पांच-सात वर्षांत जुनें ठरतें. भिंग नीट सांभाळिलें तर त्याहून पुष्कळ वर्षें सोबत करितें. म्हणून विचार करावयाचा तो भिंगाचा.

भिंगाच्या अंगावर जो मिलिमीटरचा आंकडा असतो त्यावरून तें किती रुंद पाहतें हें ठरतें. ३६ बाय २४ मिलिमीटरच्या, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या, सेन्सरवर २४ चें भिंग आडव्या अंगानें सुमारें ७४ अंश पाहतें, ५० चें सुमारें ४० अंश, आणि ३०० चें अवघे ७ अंश. आतां एखाद्या गृहस्थाचें मस्तक व खांदे उभ्या चौकटींत बसवावयाचे असतील, तर ३५ च्या भिंगानें त्यांच्यापासून सव्वादोन फुटांवर उभें राहावें लागेल, ५० च्या भिंगानें सव्वातीन फुटांवर, ८५ च्या भिंगानें साडेपांच फुटांवर, आणि ३०० च्या भिंगानें वीस फुटांवर. चौकट तीच, माणूस तोच. पण मुद्रा तीच राहत नाहीं. सव्वादोन फुटांवरून नाक पुढें येतें आणि कान मागें सरतात. वीस फुटांवरून मुख सपाट होऊन मागची गर्दी जणूं पाठीस चिकटल्यासारखी दिसते. लोक म्हणतात कीं हा भिंगाचा गुण. वस्तुतः तो भिंगाचा नाहीं, आपण उभे आहों त्या जागेचा आहे. त्याच जागेवरून रुंद भिंगानें चित्र घेऊन मधला तुकडा कापून मोठा केला, तर जवळचें-दूरचें तें नातें जसेंच्या तसें निघतें. दुकानदारानें जें सांगितलें तें या अर्थानें खोटें आहे. भिंग कोणासही जवळ आणीत नाहीं. अंतर होतें तेवढेंच राहतें. अंतर आहे ही जाणीव मात्र तें पुसून टाकतें.

ही गोष्ट आम्हांस पुस्तकांतून फार पूर्वीं ठाऊक होती. परंतु ती कळली एका वेगळ्याच प्रसंगानें. २०१६ सालच्या आषाढींत आम्ही पंढरपुरास गेलों होतों, आणि आमच्याजवळ तेंच ७० ते ३०० चें भिंग होतें. चंद्रभागेच्या वाळवंटांत एक वृद्ध बाई एकटीच बसली होती. घाटाच्या पायऱ्यांवरून, ऐंशीएक फुटांवरून, आम्हीं तिचें चित्र घेतलें. हात जोडलेले, डोळे अर्धवट मिटलेले, आणि गालावरून ओघळलेलें पाणी. चित्र उत्तम उतरलें यांत शंका नव्हती. पुढें आमच्या गांवच्या एका लहानशा प्रदर्शनांत तें लागलें. त्याखालीं आम्हीं 'भक्ति' असें नांव घातलें, चार लोकांनीं वाखाणणी केली, आणि चौकट करून तें आम्हीं दिवाणखान्यांत टांगलें.

वर्षभरानें आमच्या आत्या घरीं आल्या. त्या माळकरी, जन्मांत वीसएक वाऱ्या पायीं केलेल्या. चित्रासमोर पुष्कळ वेळ उभ्या राहून त्यांनीं विचारलें, "कोण रे ही?"

आम्ही म्हणालों, "ठाऊक नाहीं, आत्या."

"कां रडते आहे?"

"तेंही ठाऊक नाहीं. मी फार लांब होतों."

"लांब होतास? मग ही एवढी जवळ कशी?"

भिंगाचा महिमा आम्ही त्यांस सांगूं लागलों. पण त्यांचें लक्ष खालच्या नांवाकडे होतें. नातवाकडून तें वाचून घेऊन त्या म्हणाल्या, "भक्ती कशावरून? डोळ्यांत वाळू गेली असेल. नाहीं तर मागच्या वारीला बरोबर असलेलं कुणी यंदा नसेल. दोन पावलं खालीं उतरून 'आजी, काय झालं?' म्हणून विचारायचं होतंस."

यावर देण्यासारखें उत्तर आमच्याजवळ नव्हतें, आणि आजही नाहीं. तिच्या डोळ्यांतील पाणी आम्हीं पाहिलें, इतकें स्पष्ट पाहिलें कीं गालावरचा थेंब मोजून दाखवावा. परंतु तिचें दुःख, तें दुःख होतें असें धरिलें तरी, आम्हांस दिसलें नव्हतें. जें ठाऊक नव्हतें त्याच्या जागीं आम्हीं एक सोईस्कर शब्द बसविला.

येथें थोडें थांबून पाहण्यासारखें आहे. साध्या डोळ्याचा एक धर्म असा कीं, ज्या अंतरावरून आपण दुसऱ्याच्या डोळ्यांतील पाणी पाहूं शकतों, त्या अंतरावरून तोही आपला डोळा पाहूं शकतो. दृष्टि ही देवघेव आहे. आपल्या समाजांतील लाज, संकोच, आदर, सहानुभूति हीं सारीं या देवघेवीच्या पायावर उभीं आहेत. कोणी आपणांकडे टक लावून पाहूं लागला तर आपण पदर सांवरतों, मान वळवितों, 'काय पाहतां?' म्हणून दटावतों, किंवा हंसतों. लांबचें भिंग या देवघेवींतील देणें तेवढें काढून टाकतें आणि घेणें ठेवतें. निकॉन कंपनीनें २०१८ सालीं ३,००० मिलिमीटरच्या भिंगाच्या तोडीची पोंच असलेला एक कॅमेरा विक्रीस आणला. आकाशांतील चंद्रावर तो रोखला असतां आनंदच आहे; पण समोरच्या इमारतीच्या गच्चीवर रोखला तर काय, हा विचार त्याच्या माहितीपत्रकाचा विषय नव्हे.

कोणी म्हणेल, सार्वजनिक जागीं जो आला त्यानें आपलें मुख जगास दाखविलेंच. मग तक्रार कसली? हा वाद अमेरिकेंत न्यायासनापुढें गेलेला आहे. फिलिप-लॉर्का डिकॉर्सिया या छायाचित्रकारानें १९९९ ते २००१ या काळांत न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्यें वर दिवे लपवून, लांबच्या भिंगानें, वाटसरूंचीं त्यांच्या नकळत चित्रें घेतलीं. त्यांत एक वृद्ध ज्यू गृहस्थ होते. आपल्या मुखाची अशी प्रतिमा करणें हें आपल्या धर्मास सोडून आहे, असें म्हणून त्यांनीं फिर्याद केली. २००६ सालीं न्यायालयानें ती काढून टाकली. चित्र ही कला आहे आणि कलेस अनुमतीची गरज नाहीं, असा निवाड्याचा आशय होता. आपल्या देशांतही सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला आहे. पण भर रस्त्यांत त्याची सीमा कोठें येते हें प्रत्येक प्रकरणीं निराळें पाहावें लागेल. आम्हांस त्या निवाड्याशीं भांडावयाचें नाहीं. कायदा काय करूं देतो आणि सभ्य मनुष्यानें काय करावें हे दोन प्रश्न आहेत, आणि पहिल्याचें उत्तर मिळालें म्हणजे दुसऱ्याचेंही मिळालें अशी समजूत अलीकडे फार वाढली आहे. त्याच शहरांत वॉकर इव्हान्स या छायाचित्रकारानें १९३८ ते १९४१ पर्यंत भुयारी आगगाडींत कोटाआड कॅमेरा लपवून समोरच्या उतारूंचीं चित्रें घेतलीं होतीं. त्यांचें पुस्तक निघालें तें १९६६ सालीं. चोरून घेतलेल्या वस्तूसही वय येऊं द्यावें लागतें, असें कांहीं त्याच्या मनांत असेल काय?

याच्या उलट बाजूसही वजन आहे, आणि तें झांकून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल. परवानगी मागितली कीं मनुष्य ताठ होतो, केस नीट करतो, आणि जें पाहून आपण थांबलों तेंच नाहींसें होतें. आंरी कार्तिये-ब्रेसाँ यांची सारी कीर्ति न विचारतां टिपलेल्या क्षणांवर उभी आहे. त्यांनीं तर आपला लहानसा लायका कॅमेरा चकाकूं नये म्हणून त्यावर काळी पट्टी चिकटविली होती. परंतु ते बहुधा ५० चें भिंग वापरीत. म्हणजे ज्यांचें चित्र घेतलें त्यांच्यापासून ते कांहीं पावलांवरच असत. त्या मनुष्यानें मान वळविली तर त्यास ते दिसत, आणि रागावण्याची, हंसण्याची वा निघून जाण्याची मोकळीक त्यास असे. तसेंच, जवळ जाणें म्हणजे आदर असेंही नाहीं. वारींत आज असे शेंकडों हौशी दिसतात कीं जे २४ चें भिंग म्हाताऱ्याच्या नाकाशीं नेऊन भिडवितात आणि त्याच्या कपाळावरचा गंध वाळण्यापूर्वीं दुसऱ्याकडे वळतात. तें पाहिलें म्हणजे आमचें ऐंशी फुटांचें पाप सौम्य वाटूं लागतें. शिवाय, घरट्यांतल्या पक्ष्यास लांबचें भिंग हीच दया आहे, आणि स्मशानांत दूर उभें राहणें हाच विवेक. तेव्हां अंतर किती हा कसोटीचा प्रश्न नव्हेच; ज्याचें चित्र घेतलें त्यास उत्तर देण्यास जागा ठेविली कीं नाहीं, हा प्रश्न आहे.

या संबंधांत होमाई व्यारावाला यांचें स्मरण होतें. नवसारीस १९१३ सालीं जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेल्या या बाई भारतांतील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. त्यांचा रोलायफ्लेक्स कॅमेरा पोटाशीं धरून, मान खालीं घालून वरच्या कांचेंत पाहावयाचा असे. त्याचें भिंग ना लांबचें ना रुंद, आणि बदलतां न येणारें. साडी नेसलेल्या या बाई मोठमोठ्यांच्या समारंभांत उघडपणें उभ्या राहून काम करीत. १९७० सालीं त्यांनीं कॅमेरा ठेविला, तो पुन्हां धंद्यासाठीं उचलला नाहीं. आणि त्याचें कारण म्हणून त्या नव्या छायाचित्रकारांच्या असभ्य वर्तनाकडे बोट दाखवीत. २०११ सालीं पद्मविभूषण मिळालें तेव्हां त्यांस कॅमेरा ठेवून चाळीस वर्षें झालीं होतीं. यंत्रें सुधारत असतांना एक निष्णात स्त्री शिष्टाचाराच्या अभावीं आपली कला सोडते, याची नोंद भिंगांच्या इतिहासांत कोणी घेत नाहीं.

चलच्चित्राविषयीं एक गंमत सांगण्यासारखी आहे. २००८ सालीं निकॉन व कॅनन यांनीं भिंगें बदलतां येणाऱ्या कॅमेऱ्यांत चलच्चित्राची सोय केली, आणि तेव्हांपासून घरोघर चित्रपट होऊं लागले. त्यांतील युक्त्या थोड्या आहेत. सेकंदास २५ चित्रें घ्यावींत, आणि शटर १/५० सेकंदावर ठेवावें. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तनें करते, त्यामुळें भलतीच गति ठेविली तर दिव्याखालीं चित्र लुकलुकतें. पण आवाजास युक्ति नाहीं. ऐंशी फुटांवरून बाईच्या गालावरचा थेंब दिसेल. ती काय पुटपुटते तें ऐकूं येणार नाहीं. लांबून आवाज टिपणारे ध्वनिग्राहक आहेत, पण गर्दींत त्यांचें फारसें चालत नाहीं. बोलणें हवें असेल तर शेजारीं जाऊन बसावें लागतें, आणि शेजारीं जाऊन बसल्यावर मनुष्य बहुधा कांहींतरी विचारतोच. डोळ्यास दुर्बीण मिळाली, कानास मिळाली नाहीं, हें बरेंच झालें असें आम्हांस वाटतें.

हें सर्व भाच्यास सांगितलें. तो शांतपणें ऐकत होता, शेवटीं म्हणाला, "मामा, मग कोणतं घेऊं?" त्यानें ५० चें घेतलें, आमच्या तत्त्वज्ञानास भुलून नव्हे, तर तें वजनास हलकें, किंमतीनें पुष्कळ कमी, आणि १.८ पर्यंत उघडणारें असल्यामुळें घरांतल्या दिव्यावरही चालतें म्हणून. आमच्या दिवाणखान्यांतलें चित्र अद्याप तेथेंच आहे. त्याखालचें नांव मात्र आम्हीं काढून टाकलें. पाहुणे विचारतात, तेव्हां ठाऊक नाहीं एवढेंच सांगतों.

परवां भाचा पहिल्या महिन्याचीं चित्रें घेऊन आला. बहुतेक मित्रांचीं, जेवणाचीं, आणि एका मांजराचीं. एक मात्र मंडईंतल्या भाजीवालीचें होतें. ती सरळ त्याच्याकडे पाहते आहे, आणि तिचा एक हात वर आलेला आहे. तो नको म्हणण्यासाठीं, कीं गिऱ्हाइकास बोलावण्यासाठीं, तें चित्रावरून सांगतां येत नाहीं. ठेवावें कीं पुसून टाकावें, असें त्यानें विचारलें. मंडई त्याच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. तिलाच दाखवून ये, असें आम्हीं त्यास सांगितलें आहे. तो अद्याप गेलेला नाहीं.