कशासाठी शिकायचे?

‘आमच्या वेळी शिकण्याची जिद्द होती, आजच्या मुलांना सारे आयते मिळते, म्हणून ओढ उरली नाही,’ असे वडीलधारी माणसे नेहमी म्हणतात. ह्या तक्रारीत तथ्य किती, हे तपासून पाहायला हवे.

जिद्दीचे उदाहरण म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे नाव सहज पुढे येते. त्यांच्या बालपणी तेथे मुलींची शाळा नव्हती. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत नोकरीला होते. त्यांनी लेकीला घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकविले. १८८१ साली सुरतच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अर्भकहत्येबद्दल शिक्षा झाली आणि त्यानिमित्ताने अवघ्या स्त्रीजातीवर टीकेचा भडिमार झाला. १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून ताराबाईंनी त्याला उत्तर दिले.

परंतु त्या काळी अक्षरओळखही न झालेल्या मुली किती असतील! त्यांच्या अंगी जिद्द नव्हती, असे कोण म्हणेल? जुन्या पिढीतील निवडक माणसे आपण आठवतो आणि त्यांची तुलना आजच्या वर्गातील सर्वांशी करतो. हा न्याय नव्हे. १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला मोफत शिक्षणाचा कायदेशीर हक्क आहे. वर्गात कंटाळलेले मूल दिसते, कारण ते आज वर्गात आहे.

तरीही एक फरक उरतोच. कोरडवाहू कापूस-सोयाबीनच्या भरवशावर घर चालत नाही, म्हणून मुलाने ‘नीट’ परीक्षा देऊन डॉक्टर व्हावे, असे शेतकरी बापाला वाटते. ही इच्छा मुळीच हीन नाही. पण त्या तयारीत प्रश्न दुसऱ्याचा असतो; मुलाने चार पर्यायांतून उत्तर तेवढे निवडायचे. ताराबाईंजवळ स्वतःचा प्रश्न होता : एकाच अपराधाला स्त्रीला एक न्याय आणि पुरुषाला दुसरा का? विद्या त्या प्रश्नाच्या कामी आली, म्हणून ती त्यांची झाली.

आणि येथे जबाबदारी आपल्याकडे, पालकांकडे येते. लेकीला पदवी किंवा नोकरी मिळेल, अशी आशा बापूजींनी धरण्याजोगा तो काळ नव्हता. तरीही त्यांनी शिकविले. आपण मात्र मुलाने एखादा अडचणीचा प्रश्न विचारला की ‘आधी अभ्यास कर’ म्हणून त्याला गप्प करतो. तो प्रश्न हाही अभ्यासच असतो. त्याला घरात जागा मिळाली नाही, तर गुण मिळतील, पण शिकण्याची ओढ मात्र आपल्याच हातून विझेल.