देह घडतो केव्हा?

नांदेडला गोदाकाठी रोज पहाटे फिरावयास येणाऱ्या कुणालाही विचारावे, ‘आपले शरीर नेमके कोणत्या दिवशी बदलले?’ तो दिवस कुणालाच सांगता येणार नाही. नियमित व्यायामाचा परिणाम असा नकळत होत असतो. आरंभीच्या आठवड्यांत वाढणारे बळ मुख्यतः मज्जासंस्थेचे असते. ती स्नायूंना अधिक नेटाने कामास लावू शकते. स्नायू डोळ्यांत भरण्याइतके वाढण्यास महिने लागतात. हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते व नाडी संथ होते. हाडे तर याहूनही सावकाश बळकट होतात. व्यायाम सुटला, की मात्र ही कमाई काही आठवड्यांतच ओसरू लागते.

लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७० साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. जगाने विजयाचे ते दिवस पाहिले. त्यामागच्या असंख्य पहाटा तालमीच्या मातीनेच पाहिल्या. सद्गुणांचेही असेच असते. न्यायाची कृत्ये वारंवार करीतच मनुष्य न्यायी होतो, हा ॲरिस्टॉटलचा विचार संत थॉमस अक्वायनस यांनीही विस्ताराने मांडला आहे.

परंतु येथे एक प्रश्न उभा राहतो. लातूरच्या आडत बाजारातील हमालही रोज पाठीवर पोती वाहतो. मग पहिलवानाचा देह फुलतो आणि हमालाची पाठ वाकते, असे का? मेहनतीने स्नायू प्रथम थकतो, किंचित झिजतो. तो भरून येतो विश्रांतीत, झोपेत आणि खुराकावर. तालमीत वस्ताद जोर-बैठकांइतकीच दूध-बदामांची आणि झोपेचीही काळजी वाहतो. हमालाच्या ओझ्यामागे असा वस्ताद नसतो. म्हणजे देह केवळ कष्टाने घडत नाही; कष्ट आणि विसावा यांच्या मेळाने घडतो. विसाव्यावाचून तेच कष्ट देहाला मोडून टाकतात.

म्हणूनच ‘कष्टाने माणूस घडतो’ हा उपदेश उपाशी व थकलेल्या माणसाला करणे अन्यायाचे आहे. आपण पहाटे उठून स्वतःच्या देहाला शिस्त लावावी, हे योग्यच. पण घरकाम करणाऱ्या बाईला किंवा शेतावरच्या गड्याला हक्काची सुटी देताना आपला हात आखडतो काय, याचाही त्याच पहाटे विचार व्हावा. विसाव्याचे मोल आपल्याला स्वतःच्या देहाने शिकविले आहे. ते दुसऱ्याच्या देहाला नाकारण्यास आपणापाशी सबब उरत नाही.