उसन्या जागेपणाचा हिशेब

आमचं बाळापूर मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर वसलेलं आहे. परगावचा पाहुणा ही नावं ऐकून हसतो. हसो बापडा! पण या दोन नद्यांचे गुण प्रत्येक बाळापूरकराच्या अंगी उतरलेले आहेत. पहाटे गजर झाला की आमचं मन म्हणतं, ऊठ. म्हैस म्हणते, पड. माझ्या चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्यात बहुतेक वेळा म्हैसच जिंकलेली आहे. म्हणून तर मी बँकेत कारकून आहे.

आमच्या कन्येनं मात्र म्हशीला हरवायचं ठरवलं. ती अकरावी सायन्सला आहे. पहाटे 5 ला उठायचं, एसटीनं अकोल्याला जायचं, एक क्लास, मग कॉलेज, मग दुसरा क्लास, रात्री घरी आल्यावर अभ्यास आणि 12 ला अंथरूण. रात्री 10 ला ती स्वयंपाकघरात गेली की डब्यात चमचा वाजतो आणि मगभर कॉफी तयार होते. पहाटे दुसरा मग. दिवसभरात दोन चहा. त्यावरून घरात प्रश्न उभा राहिला : सोळा वर्षांच्या पोरीनं थकवा घालवायला कॉफी प्यावी की नाही?

सौ. म्हणाली, "पिऊ द्या, परीक्षेपुरतं तर आहे." (परीक्षा दीड वर्षावर होती.) माझी आई म्हणाली, "झोप आली त झोपाव, भूक लागली त खाव. याच्यात कायले इचार पाह्यजे?"

आईच्या काळी कॉफी आजाऱ्याला नाहीतर पाहुण्याला मिळे, आणि तीही जायफळ किसून. म्हणजे झोप उडवणारी कॉफी आणि आजीबाईंच्या मते झोप आणणारं जायफळ एकाच कपात! जमाखर्च जागच्या जागी जुळलेला. असा ताळेबंद आमच्या बँकेलाही कधी जमला नाही.

मी कॉमर्सचा माणूस. मत देण्याआधी आकडे मांडतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं 2015 साली मुलांसाठी कॅफिनची मर्यादा सांगितली ती वजनाच्या दर किलोमागे रोज 3 मिलिग्रॅम. कन्येचं वजन 44 किलो, म्हणजे 132. झटपट कॉफीचा मग साधारण 70 चा धरला आणि चहाचा कप 40 चा, तर तिची रोजची उचल 220! मग मी स्वतःचा हिशेब केला. मोठ्या माणसाला 400 पर्यंत मुभा आहे. माझे बँकेतले सात चहा धरून 280. मी पास! पण हा निकाल मी घरात जाहीर केला नाही. सात चहा पिणाऱ्या बापानं दोन मगांवर व्याख्यान द्यायचं म्हणजे थकबाकीदारानंच वसुलीला निघण्यासारखं आहे.

कॉफीचं काम कसं चालतं तेही वाचलं. आपण जागे असतो तसतसं मेंदूत अडेनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं आणि ठरलेल्या जागी जाऊन सांगतं, 'आता पुरे, झोपा.' कॅफिन त्या जागेवर आधीच रुमाल टाकून बसतं. अडेनोसिन दारात ताटकळतं. थकवा गेलेला नसतो, फक्त नोटीस पोचलेली नसते. रात्री 10 ला प्यालेल्या कॉफीतलं निम्मं कॅफिन पहाटे 3 च्या सुमारासही अंगात असतं, त्यामुळे मिळते ती झोपही कच्ची. म्हणजे कॉफी हा पगार नव्हे, ओव्हरड्राफ्ट आहे. या वयात रोज 8 ते 10 तास झोप हवी. आमची कन्या घेते 5. रोजचे 3 तास थकीत. आमच्याकडे हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की कर्ज बुडीतच्या रांगेत जाऊन बसतं.

हे सगळं मी कागदावर सुंदर मांडलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. हिशेब झाला म्हणजे कर्तव्य झालं, हा आमच्या धंद्यातला जुना आजार.

मग एका सकाळी 8 ला फोन आला. "बाबा, मी मूर्तिजापूरला आहे."

गाडी अमरावतीची होती. कन्या खिडकीला डोकं टेकून जी झोपली, ती अकोला येऊन गेलं तरी उठली नाही. कंडक्टर भला माणूस. त्यानं तिला परतीच्या गाडीत बसवून दिलं आणि वर मला फोनवर म्हणाला, "साहेब, पोरगी लय थकेल दिसते. घरी झोपू देत जा." पहाटेचा मगभर कॉफीचा ओव्हरड्राफ्ट मूर्तिजापूरच्या स्टँडवर वटला नाही.

त्या दिवशी कॅश मोजताना मी दोनदा चुकलो. आणि बी.कॉम.ला पाठ केलेला एक खटला आठवला : मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष, 1903. अज्ञान मुलाला सावकारानं कर्ज दिलं आणि प्रिव्ही कौन्सिलनं सांगितलं की अज्ञानाशी केलेला करार मुळातच रद्द. अठरा वर्षांखालच्या पोराला आम्ही पालकाच्या सहीशिवाय कर्ज देत नाही. मग या पोरीनं झोपेचं एवढं कर्ज काढलं त्यावर सही कोणाची? दोन्ही क्लासची फी कोणी भरली? पहाटेचा पास कोणी काढून दिला? सही माझीच होती, आणि मी खुशाल कॉफीवर खटला भरत होतो!

मोठ्यांचंही असंच चालतं. वयात येताना शरीराचं घड्याळच मागे सरकतं, झोप उशिरा येते, हे आता ठाऊक आहे. कॅलिफोर्नियानं 2019 साली कायदा करून हायस्कुलं सकाळी 8:30 च्या आधी भरवायला बंदी केली. आपल्या शासनानंही फेब्रुवारी 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग 9 नंतरच भरवा, असा निर्णय काढला. चांगलं झालं. पण पाचवीत गेल्यावर पोराची झोप कुठं जाते, ते निर्णयात नाही. कोजागरीला लक्ष्मी विचारते, कोण जागं आहे? पण ती वर्षातून एकदाच विचारते, आणि तेव्हा आटीव दूध असतं.

आम्ही पहाटेचा क्लास बंद केला. कन्या म्हणाली, "बाबा, मग मार्क कमी पडले तर?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. भीती मलाही वाटते. मी एवढंच म्हणालो, "ते माझ्या खात्यावर लिही."

आता ती सकाळी 7 पर्यंत झोपते. कॉफी रविवारी सकाळी, सगळ्यांना, जायफळ घालून. मीही सातावरून चार चहांवर आलो आहे. दुपारी काउंटरवर डुलकी लागते. परवा एक म्हातारे खातेदार खिडकीत वाकून बघत राहिले आणि मागच्याला म्हणाले, "थांब बापा. साहेब झोपले हायेत, झोपू दे."