फाट्यापलीकडची सकाळ

पळस्पे फाटा म्हटलं की आपल्याला आठवतात ट्रक, हॉर्न आणि गोव्याकडे वळणारा रस्ता. पण फाट्यापासून थोडं आत, शेताच्या बांधावर सकाळी उभं राहिलं की कुंपणातून ‘कूप कूप कूप’ असा घुमणारा आवाज येतो. भारद्वाज! काळं अंग, तांबूस पंख, लालभडक डोळा. उडण्यापेक्षा त्याला चालणंच जास्त आवडतं. तो दिसला की दिवस चांगला जातो, असं आपल्याकडे म्हणतात. माझे काही दिवस तरीही वाईट गेले, पण तो दोष पक्ष्याचा नव्हे.

भात पोटरीला येईपर्यंत सुगरणीची घरटी झाडांना लोंबू लागलेली असतात. नाव सुगरण, पण विणकर असतो नर! पात्यांच्या चिरफाळ्या काढून तो अर्धं घरटं विणतो, मग मादी येऊन तपासते. पसंत पडलं तर तो खालची नळी पूर्ण करतो. आणि मग हा गडी दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी! पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी हा सगळा संसार 1930 साली आपल्याच जिल्ह्यात, अलिबागजवळच्या किहीमला बसून टिपला.

इथून गोव्याच्या रस्त्यानं जरा पुढे गेलं की कर्नाळा अभयारण्य. तिथे आपण तिकीट काढून, दुर्बीण लावून पक्षी शोधतो. इकडे बांधावर मात्र भारद्वाज तुरुतुरु चालत गवतात शिरलेलाही असतो.