मोरोची शिळा

एखाद्या डोंगरावर अन्याय होऊं शकतो काय? प्रश्न ऐकतांच व्यवहारी वाचक हंसेल. ज्यास वेदना नाहीं, इच्छा नाहीं, त्याच्यावर अन्याय कसला? परंतु कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील मोरो नांवाच्या शिळेची हकीकत वाचल्यावर हें हंसूं फार वेळ टिकेल असें आम्हांस वाटत नाहीं.

ही शिळा 576 फूट उंच असून पॅसिफिक महासागराच्या अगदीं कांठावर उभी आहे. सुमारें 2 कोटि 30 लक्ष वर्षांपूर्वीं एका ज्वालामुखीच्या नळींत शिलारस थिजला. भोंवतालचें मऊ कवच कालांतरानें झिजून गेलें आणि आंतला कठीण गाभा तेवढा उरला. स्पॅनिश दर्यावर्दी काब्रियो 1542 सालीं या किनाऱ्यानें गेला व त्यानेंच तिला ‘मोरो’ म्हटलें, असें सांगतात. त्याच्या पुष्कळ आधींपासून चुमाश आणि सालिनन या तेथील मूळच्या लोकांस ती पवित्र होती, आजही आहे. 1772 सालीं जवळच सान लुईस ओबिस्पो येथें ख्रिस्ती मठ उभा राहिला, पुढें राज्यें बदललीं, आणि शिळेविषयीं या लोकांचें मत विचारण्याची कोणास गरज उरली नाहीं.

1889 पासून तिला सुरुंग लागूं लागले. बंदरास लाटांपासून आडोसा हवा होता. बांधास दगड हवा होता. दगड समोरच उभा होता. मध्यंतरीं खंड पडत हें काम 1969 पर्यंत चाललें. गंमत अशी, कीं 1968 सालीं सरकारनें याच शिळेस ऐतिहासिक स्मारक ठरविलें होतें! बांध घालण्याचा हेतु हीन होता असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. त्या बंदराचें तोंड धोक्याचें आहे, आणि कोळ्याचा जीव दगडाहून मोलाचा आहे. अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीभोंवतालचा ज्वालामुखी दगड खाणवाल्यांनीं नेला, तेव्हां आम्ही मुंबईकरांनींही फारसा आक्रोश केला नाहीं. दोष उपयोगाचा नव्हे. जी वस्तु दुसऱ्याच्या पूजेची आहे ती त्याला न विचारतां फोडणें, हा दोष होय. आणि तो दगडाविरुद्ध नसून माणसांविरुद्ध आहे.

येथें एक खरी अडचण उभी राहते. विचारावें, पण कोणास? सालिनन लोकांच्या कथेंत ससाणा आणि डोमकावळा यांनीं या शिळेस विळखा घातलेल्या दुतोंडी सर्पाचा नाश केला. त्या स्मरणार्थ अयनदिनीं शिळेवर चढून विधि करणें हा त्यांचा धर्म, व कायद्यानें त्यांस तशी मुभा आहे. चुमाशांच्या मतें तिच्यावर कोणींच, केव्हांही, पाय ठेवतां कामा नये. एकाची पूजा ती दुसऱ्याची विटंबना! आमच्या वाचकांस हें अपरिचित वाटूं नये. जेजुरीचा गड चढणें हीच जेथें सेवा, तेथेंच सोंवळ्यांतल्या देवास उंबऱ्याबाहेरून हात जोडणें हीही सेवाच आहे.

या मतभेदाचा आधार घेऊन, ‘त्यांचें त्यांनाच ठरत नाहीं, मग आम्हीं कशास थांबावें?’ असें म्हणणारे लोक निघतात. आम्हांस हा युक्तिवाद लबाडीचा वाटतो. दोन भाऊ आईची सेवा कशी करावी यावर भांडत असले, तर त्यामुळें शेजाऱ्यास तिचे दागिने विकण्याचा अधिकार येत नाहीं. चढावें कीं न चढावें, हा वाद त्या दोघांचा आहे. त्यांत सरकारनें न्यायाधीश व्हावें हें आम्हांस रुचत नाहीं, परंतु किल्ल्या त्याच्याच हातीं असल्यानें तें टाळतांही येत नाहीं. तिऱ्हाइतानें मात्र खालींच थांबावें. इतर सर्वांस तेथें चढण्याची बंदी आहे, ती आम्हांस सर्वस्वीं योग्य वाटते.

या बंदीचें एक कारण पक्षी हेंही आहे. कीटकनाशकांमुळें अमेरिकेंत बहिरी ससाणा जवळजवळ नाहींसा होण्याच्या बेतांत आला होता, तेव्हां जीं थोडीं घरटीं राखलीं गेलीं त्यांत या शिळेच्या कपारींतलीं होतीं. सर्पास मारणाऱ्या त्या पक्ष्याचे वंशज आज सुरुंगांनीं उघड्या पडलेल्या कड्यांवर अंडीं घालतात, आणि खालीं बांधांत बसविलेले त्याच शिळेचे तुकडे लाटा अडवीत आहेत.