बसण्यासाठी विणलेलं

भिवंडीजवळ मानकोली, काल्हेर, पूर्णा या गावांकडे गोदामांच्या रांगा आहेत. मुंबईकर मोबाइलवरून मागवतात ते सोफे नि खुर्च्या पुष्कळदा तिथूनच निघतात. शहरात यंत्रमागांचा खडखडाट चालू असतो. त्या सोफ्याची आणि या मागाची मात्र गाठ पडत नाही. ती पडावी असं मला मनापासून वाटतं, आणि त्यासाठी पॅलेस्टाइनच्या विणीकडे बघावं.

नकबच्या (नेगेव्हच्या) वाळवंटातल्या पॅलेस्टिनी बेदुइन बायका जमिनीत खुंट्या ठोकून लोकरीचे उभे धागे ताणतात. आडवा धागा हरणाच्या शिंगाने ठोकून बसवतात. उभे धागे इतके दाट की आडवा दिसतच नाही. निघतो तो अरुंद, जाड, चिवट पट्टा. कापडबाजारात कमी पन्हा ही उणीव. खुर्चीच्या बैठकीला तेवढाच पुरतो. भिंतीवर टांगलेल्या विणीला फक्त रंग सांभाळायचा असतो, बैठकीवर ताणलेलीला माणसाचं वजन पेलायचं असतं. त्यासाठी सुताचा पीळ, ठोक आणि ताण जाणणारा हात लागतो. विणकराची विद्या तिथे खरी कामी येते.

आपली बाज तरी काय होती? सुंभ सैल पडलं की पायथ्याचा दोर ओढून ती ताठ करायची. फारच झिजली तर चौकट तीच ठेवून पुन्हा विणून घ्यायची. विणणाऱ्याचं त्या घराशी नातं टिकायचं.

१८५७नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी भिवंडीत हातमाग मांडले. १९४८च्या युद्धानंतर पॅलेस्टाइनमधल्या अल-मजदलच्या विणकरांवरही गाव सोडून गाझात नव्याने माग मांडायची पाळी आली. भिवंडीत पुढे यंत्रमाग आले. आज इथलं बरंचसं कापड ग्रे, म्हणजे रंगवल्या-धुतल्याशिवायचं कोरं, म्हणूनच बाहेर जातं आणि कारागिराची मजुरी मीटरवर ठरते. मीटरवर पोट असलेला माणूस जाड, सावकाश विणायचं कापड कशाला हाती घेईल? खरी अडचण ही आहे. हौसेने ती सुटणार नाही. बैठकीच्या कापडाची मजुरी नगावर ठरवावी लागेल.

बाकी सगळं इथे आहे. बीम, फणी, धोटा जाणणारे हात आहेत, सुतार आहेत, माल घरोघर पोचवणारी गोदामं आहेत. मागवाल्याने आणि सुताराने एकत्र बसून पहिली चौकट ठरवावी: रुंदी मागाच्या पन्ह्याला धरून, आणि बैठक खिळे न ठोकता सुटी निघणारी, म्हणजे झिजली की नवी विणायला पुन्हा त्याच मागवाल्याकडे येईल.